थावराभाऊची फिर्याद

थावराभाऊ आडे एसटीत चढायच्या आधी एसटीला एक फेरी मारत. उमरखेडच्या स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकायला धावत. थावराभाऊ मात्र पिशवी खांद्याला अडकवून गाडीच्या मागं जात, वाकून चाकांकडं बघत, दुसऱ्या बाजूनं पुढं येत आणि सगळ्यांच्या शेवटी चढत. जागा कधी मिळायची नाही. एकदा एका ड्रायव्हरनं वरून विचारलं, "काका, गाडी इकत घेता काय?"

"नाई बाप्पा," थावराभाऊ म्हणाले, "कोनी झोपलं-बिपलं असन चाकामांगं, तं पाहून राह्यलो."

ड्रायव्हर हसला, आम्ही सगळेच हसलो. ही सवय त्यांना फार आधीपासून होती, हे मला माहीत होतं. आणि एका दिवशी ती फेरी का राहून गेली, हेही मला माहीत होतं. त्या गाडीत बसलेल्या दुसऱ्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

उमरखेडपासून दहा-बारा किलोमीटरवर त्यांचा तांडा. शनिवारी जन्मले म्हणून थावरा. त्यांच्या बोलीत शनिवारला थावर म्हणतात. अंगानं सुकलेले, उंच, मिशा पांढऱ्या आणि केस काळे. घरी तीन एकर कोरडवाहू. तरुणपणी त्यांनी ट्रॅक्टर चालवला, मग ट्रक, मग नागपूरकडं एका गोदामात फोर्कलिफ्ट. लोखंडी सुळ्यांवर माल उचलणारं ते यंत्र त्यांच्या असं काही अंगवळणी पडलं होतं, की अंड्यांचा ट्रे सुद्धा त्यांनी उचलला असता. माणसं पारखायची त्यांची एक रीत होती. नवा माणूस भेटला की तो गाडीचं दार कसं लावतो ते बघायचं. "दार आपटनारा मानूस कामाचा नाई," ते म्हणत, "त्याले वाटते का गाडीले लागत नाई." मी दार हळू लावायचो. त्या एका गोष्टीवरून त्यांनी माझ्याबद्दल चांगलं मत करून घेतलं, आणि ते शेवटपर्यंत बदललं की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

आमची ओळख गावाकडची नव्हे. ती झाली समुद्रापलीकडं, एका वाळवंटी देशात, परक्या फौजेच्या तळावर. मी बी.कॉम. झालेला, उमरखेडच्या शेतकरी घरातला. एजंटामार्फत तिथं गाड्यांच्या विभागात कारकून म्हणून लागलो होतो. फौज एका देशाची, जमीन दुसऱ्या देशाची आणि काम करणारे आम्ही तिसऱ्याच देशांचे. स्वयंपाक, धुलाई, संडास साफ करणं, माल उतरवणं, सगळं एका कंपनीकडं होतं आणि कंपनीनं ते आणखी लहान कंपन्यांना वाटून दिलं होतं. आमच्या गळ्यात प्लास्टिकचं कार्ड असायचं. त्याचा रंग बघून शिपायाला कळायचं की हा आपला माणूस नाही, पण याला हाकलायचंही नाही.

पहिल्याच आठवड्यात मी फोनवर आईशी बोलत होतो. मागून आवाज आला, "उमरखेडचा काय रे तू?" वळून पाहिलं तर थावराभाऊ. इतक्या लांब वऱ्हाडी ऐकून माझे डोळे भरून आले. त्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून म्हणाले, "चाल, जेवाले काय हाये ते पाहू." तेव्हापासून ते मला बाबू म्हणायचे. मी कागदाचं काम करतो म्हणून बाबू.

जेवताना ते रंगात आले की त्यांच्या पूर्वजांची गोष्ट सांगत. बैलांवर धान्य लादून फौजांना पुरवणारे तांडे, हजार हजार बैल, पुढं नगारा. "आताबी तेच करून राह्यलो," ते म्हणत. "तवा बैल होते, आता हे फोर्कलिफ्ट हाये." मग खाली झुकून गुपित सांगितल्यासारखं सांगत, "एका बादशहानं आमच्या लोकायले तांब्याच्या पत्र्यावर लेहून देल्लतं म्हने. रसद पोचली पाह्यजे, बस. दिवसाले तीन खून माफ." केरळचे, नेपाळचे सगळे हसायचे. मी हिंदीतून त्यांना समजावून सांगायचो.

रोज सकाळी प्रत्येक चालकानं आपल्या यंत्राची तपासणी करून एक कागद भरायचा, तो माझ्या टेबलावर यायचा. ब्रेक, तेल, दिवे, मागं घेताना वाजणारा भोंगा. प्रत्येकापुढं बरोबरची खूण करायची आणि खाली सही. थावराभाऊंची सही मराठीत असायची, सावकाश काढलेली, आणि तिच्याखाली दोन टिंबं. मी एकदा विचारलं, "भाऊ, ही टिंबं कसली?"

"दोन बाजू," ते म्हणाले. "गाडीच्या दोनी बाजू म्या माह्या डोयानं पाह्यल्या. सगळं ठीक असन तवाच टिंबं. काही खराब असन तं नुसती सही." मग बोट ओठांवर ठेवून म्हणाले, "कोनाले सांगू नोको, हासतीन."

मी कुणाला सांगितलं नाही.

तिथंच आम्हाला पोचू आत्राम भेटला. झरी जामणीतल्या एका कोलामपोडावरचा, जंगलाला लागून असलेल्या वीस-पंचवीस घरांच्या वस्तीतला. आदिलाबादकडच्या एजंटानं इतरांबरोबर त्यालाही आणलं होतं. वय अठ्ठावीस-तीस, घरी बायको आणि म्हातारे आईबाप. त्याचं काम ताडपत्र्या सोडायचं आणि घडी घालायचं. एकाच जिल्ह्याचे आम्ही तिघं, म्हणून थावराभाऊंनी त्याला आपल्या पंखाखाली घेतलं. पोचू कमी बोलायचा, पण त्याचा आवाज जबरदस्त होता. शेतात रानडुकरं शिरली की पोडावरून तो हाक मारायचा आणि डुकरं पळायची, असं तो सांगायचा. एकदा त्यानं ती हाक तळावर मारून दाखवली तर दोन शिपाई बंदूक सरसावून धावत आले. थावराभाऊ पोट धरून हसले होते.

मग फोर्कलिफ्टचा मागचा भोंगा बंद पडला. थावराभाऊंनी त्या दिवशीच्या कागदावर तसं लिहिलं आणि टिंबांशिवाय सही केली. मी कागद सुपरवायझरकडं नेला. तो म्हणाला, सुटा भाग मागवलाय, काम थांबवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच कागद. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर माझ्यावर ओरडला, रोज रोज तेच काय आणतोस. चौथ्या दिवशी मी कागद त्याच्याकडं नेलाच नाही. फायलीत लावून टाकला.

थावराभाऊंनी पहिल्याच दिवशी आपल्या परीनं उपाय काढला होता. त्यांनी पोचूला फोर्कलिफ्टच्या मागं उभं केलं. "तू भोंगा," ते त्याला म्हणाले. "मी मांगं आलो की वरड. लोकं बाजूले होतीन." पोचूला ते काम आवडलं. तीन दिवस तो मागं चालत ओरडायचा आणि सगळे वाट द्यायचे.

त्याच चौथ्या दिवशी दुपारी एकदम सात ट्रक आले. वारा सुटला होता, वाळू उडत होती, ट्रकांची इंजिनं चालू होती. सुपरवायझर हातानं घाई करत होता. थावराभाऊ एका ट्रकचा माल ठेवून उतरले नाहीत, फेरी मारली नाही, तसेच मागं आले. पोचू फोर्कलिफ्ट आणि कंटेनरच्या मधे सापडला.

मी धावत गेलो तेव्हा थावराभाऊ खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन होते आणि एकसारखं म्हणत होते, "पोचू, वरड. वरड रे." फौजेची रुग्णवाहिका आली. काही उपयोग नव्हता.

त्यानंतर जे झालं ते सांगायलाच मी हे लिहायला बसलो आहे.

फौजेचे पोलीस आले, फोटो काढले आणि विचारलं, चालक सैनिक आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी वही मिटली. कंपनीचा माणूस कंपनीनं बघावा. त्या देशाचे पोलीस आलेच नाहीत. तळाच्या कुंपणाच्या आतलं त्यांचं नव्हतं. कंपनी म्हणाली, चालक आमचा नाही, लहान कंपनीनं आणलेला. लहान कंपनीचं कार्यालय कुठं होतं हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. थावराभाऊ मात्र जो येईल त्याला हात जोडून हिंदीत सांगत होते, "साब, मैंने मारा. मेरा नाम लिखो." कुणी लिहून घेतलं नाही.

संध्याकाळी सुपरवायझरनं मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि चार कोरे तपासणीचे कागद पुढं ठेवले. जुने चार त्यानं स्वतः फाइलमधून काढून कागद कापायच्या यंत्रात घातले. नव्या कागदांवर सगळं ठीक आहे असं भरायचं होतं, भोंग्यासकट. आणि सही. तो मला म्हणाला, यात तुझ्या मित्राचंच भलं आहे, यंत्र ठीक होतं आणि मेलेला माणूस मनाई असलेल्या जागी गेला, असं झालं तर कुणालाच काही होणार नाही. हे खरं होतं. पण मी त्यासाठी केलं नाही. चौथा कागद मी दाबून ठेवला होता हे बाहेर येऊ नये, म्हणून केलं.

मी चार सह्या केल्या. सावकाश, त्यांच्यासारख्या. आणि प्रत्येकीच्या खाली दोन टिंबं दिली, कारण फायलीतल्या त्यांच्या आधीच्या कागदांवर ती होती, ती नसती तर सही खोटी आहे हे लक्षात आलं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मग चौकशीचा इंग्रजी अहवालही मीच टाईप केला. मृत कामगार सूचनांचं उल्लंघन करून धोक्याच्या जागेत शिरला. ते वाक्य मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

दोन दिवसांनी थावराभाऊ बिछान्यावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी बाजूला बसलो. धीर द्यायला म्हणून मी म्हणालो, "भाऊ, एवढं कायले मनावर घेता? तुमच्या लोकांले तर तीन खून माफ हायेत."

ते वळले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तो पत्रा कोनी पाह्यला हाये, बाबू?" आणि पुन्हा भिंतीकडं वळले. पुढं ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नाही.

महिन्याभरात कंपनीनं त्यांना परत पाठवलं. जाताना हातात एक पाकीट दिलं, त्यात चौकशीचा अहवाल आणि ते निर्दोष असल्याचं पत्र. मी तिथं आणखी दीड वर्ष राहिलो.

परत आल्यावर आठच दिवसांत थावराभाऊ आमच्या घरी हजर. मिशांसारखेच केसही पांढरे झाले होते. आईनं चहा दिला. त्यांनी पिशवीतून ते पाकीट काढलं. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलं होतं. म्हणाले, "मले इंग्रजी येत नाई. गावातल्या कोनाले दाखवलं नाई. म्हनलं बाबू आला म्हंजे वाचून देईन."

मीच टाईप केलेला अहवाल मी त्यांना मराठीत वाचून दाखवला. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधे मधे डोळे मिटत होते. शेवटी जोडलेली तपासणीची चार पानं मी न वाचता उलटली आणि पाकीट परत दिलं.

"त्याचीच चूक लेह्यली," ते म्हणाले.

"हो."

"पन म्या त्याले तथी उभं केलं होतं. तुले तं माहीत हाये."

"हो भाऊ."

"मंग हे बदलाले पाह्यजे. माह्यावर केस व्हाले पाह्यजे. केस झाली तं हे खोटं पडन." त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की जणू रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायचं आहे.

मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून गेलो. हवालदार वयस्क, भला माणूस होता. त्यानं दोन वेळा सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, मेलेल्याचं नाव तुमी सांगता, मारणाऱ्याचं नाव तुमी सांगता. पन जागा? पंचनामा? आमची हद्द हाये नदीपर्यंत. तुमचा गुन्हा समुद्राच्या पल्याड."

"पन मी तं अथी हावो ना," थावराभाऊ म्हणाले. "मले तं धरता येते."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं, म्हाताऱ्याला घरी ने अशा अर्थानं. मी मान हलवली.

मग वकील. कोर्टासमोर टिनाच्या शेडमधे बसणारे, कपाळावर चष्मा चढवलेले. त्यांना या प्रकरणात रस वाटला. म्हणाले, "आपला नागरिक परदेशात गुन्हा करून आला तर इथं खटला चालू शकतो. कायद्यात सोय आहे. फक्त दिल्लीची मंजुरी लागते, केंद्र सरकारची. त्या फौजेच्या देशातही अशा कंपन्यांच्या माणसांसाठी काही कायदा आहे म्हणतात, पण ते त्यांनी मनावर घेतलं तर. अडचण वेगळीच आहे. फिर्याद द्यायला नातेवाईक येतात, इथं आरोपीच आलाय. असं मी तीस वर्षांत पाहिलं नाही. कागद काय आहेत?"

थावराभाऊंनी पाकीट दिलं. वकील वाचू लागले आणि वाचता वाचता हसले. "अहो, हे तर तुम्हाला सोडवतात. दिल्लीला हे पाठवलं तर मंजुरी मिळायची ती पण मिळणार नाही. हे बघा, गाडी चारही दिवस ठणठणीत. भोंगा चालू. तुमचीच सही आहे." आणि त्यांनी ते पान टेबलावर थावराभाऊंकडं फिरवलं.

थावराभाऊ खाली वाकले. बोटानं सहीला स्पर्श केला. मग बोट खाली सरकवलं आणि त्या दोन टिंबांवर ठेवलं. तसंच ठेवून राहिले. शेडच्या टिनावर चिमण्यांची टकटक चालली होती, ती मला आठवते. दुसरं पान, तिसरं पान, चौथं पान त्यांनी स्वतः उलटलं.

वकिलांनी विचारलं, "तुमचीच ना?"

मला वाटलं, आता. पण थावराभाऊ म्हणाले, "पाह्यतो साहेब. घरी जाऊन पाह्यतो." कागद गोळा करून ते उठले.

बाहेर रस्त्यावर त्यांनी पाकीट पिशवीत घातलं. मग माझ्याकडं न पाहता विचारलं, "बाबू, टिंबायचं कोनाले माहीत होतं?"

मी म्हणालो, "काय माहीत भाऊ. रोज टेबलावर कागद असायचे. पाहिलं असेल कुणीतरी."

"हो," ते म्हणाले. "पाह्यलं असन."

पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. मला त्यांनी विचारावं असं वाटायचं. एकदा ओरडून, कॉलर धरून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला कित्येकदा सांगितलं आहे. पण विचारलं होतं त्यांनी. एकदा विचारलं होतं.

ठाण्यात आणि कोर्टात काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी ठरवलं, पोचूच्या घरी जायचं. आणि मला म्हणाले, "तू चाल संग. एकट्याच्यानं होत नाई." मोटरसायकलवरून गेलो. पांढरकवड्याच्या पुढं रस्ता बारीक होत गेला, दोन्ही बाजूंना साग, मग नुसती पायवाट. पोडाच्या मधोमध चावडी होती, गवतानं शाकारलेली, मातीनं सारवलेली. पोचूचा बाप तिथं बांबूच्या कामट्या काढत बसला होता. बाकीची माणसं हळूहळू जमली.

थावराभाऊ पायातल्या चपला काढून जमिनीवर बसले. म्हणाले, "मी थावरा आडे. पोचू माह्या गाडीखाली मेला. म्या मांगं पाह्यलं नाई. अन् त्याले मांगं म्याच उभं केलं होतं. हा बाबूबी तथीच होता."

म्हाताऱ्याचा हात कामटीवर थांबला. त्यानं विचारलं, "तो ओरडला का?"

"वरडला असन," थावराभाऊ म्हणाले. "मले आयकू आलं नाई."

म्हातारा उठून घरात गेला आणि एक कागद घेऊन आला. तोच अहवाल. घड्या पडून पडून चिरलेला. "आश्रमशाळेच्या मास्तरानं वाचला," तो म्हणाला. "जाऊ नये तिथं गेला, असं लिवलं. आमचा पोरगा तसा नव्हता. साहेबानं उभं केलं तिथं उभा राहनारा होता. त्याची बायको म्हने, मंग कायले गेला असन. दोन साल झाले, ती हेच म्हनते." त्यानं थावराभाऊंकडं पाहिलं. "तू उभा केला म्हणून उभा होता ना?"

"हो."

"खरं?"

"खरं."

म्हाताऱ्यानं वळून कोलामीत काहीतरी सांगितलं. घराच्या दाराशी एक बाई उभी होती, तिनं ते ऐकलं आणि ती उंबऱ्यावर बसली. आधी आवाज आला नाही. मग आला. इतर बायका तिच्याजवळ गेल्या.

म्हाताऱ्यानं कागद माझ्यापुढं धरला. मी शिकलेला दिसत होतो म्हणून. "बाबू, तू बी तिथं होता म्हनतो हा. हे कोनी लिवलं?"

थावराभाऊ मान खाली घालून जमिनीकडं पाहत होते. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. माझ्यासाठी जागा करून दिल्यासारखे ते गप्प होते.

मी म्हणालो, "कंपनीनं."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते सगळ्यात जास्त लागतं.

निघताना म्हातारा थावराभाऊंना म्हणाला, "आता माझ्यानं वखर धरवत नाही. तू वखरणीला ये." शिक्षा म्हणून म्हणाला की गरज म्हणून, सांगता येणार नाही. थावराभाऊंनी दोन्ही हात जोडले. गाडीवर मागं बसल्यावर ते पहिल्यांदाच मोकळे बोलले, पिकाबद्दल, जमिनीच्या पोताबद्दल. मी गाडी चालवत होतो आणि हं हं करत होतो.

त्यानंतर दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी ते एसटीनं झरीकडं जात, पोचूच्या बापाचं शेत पेरणीसाठी वखरून देत आणि पाच-सहा दिवसांनी परतत. तांड्यात लोक विचारत, आपलं शेत सोडून कुठं जाता? वहिनी सांगायच्या, "पाहुन्याकडं." त्यांना सगळं माहीत होतं. मी मात्र तांड्याकडं जायचं टाळू लागलो. उमरखेडात मी झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान टाकलं होतं. थावराभाऊ रस्त्यावरून जाताना दिसले की मी आतल्या बाजूला जाऊन शाईचे डबे हलवत बसायचो. ते दुकानासमोर क्षणभर रेंगाळायचे आणि पुढं जायचे.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. छातीत दुखतं म्हणाले आणि यवतमाळला न्यायच्या आत संपलं. मी तेराव्यालाही गेलो नाही. दुकान बंद ठेवलं आणि घरात बसून राहिलो. दोन महिन्यांनी त्याच वकिलांकडं गेलो आणि सगळं लिहून काढलं. भोंगा, चार कागद, सह्या, टिंबं. वकिलांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हे त्या वेळी का नाही सांगितलं? ते समोर बसले होते."

मी शेवटचं पान ओढून घेतलं आणि खाली माझी सही केली.

ते म्हणाले, "आता यात आरोपी तुम्ही. मंजुरी तीच लागेल, दिल्लीची." अर्ज पाठवला आहे. मिळाल्याची पोच आली. पुढं काही नाही. अर्जाची एक प्रत घेऊन मी पोडावर गेलो. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तो थावरा कुठं आहे? यंदा आला नाही." मी सांगितलं. तो उठून आत गेला आणि बाहेर आला नाही. मी थोडा वेळ थांबलो आणि परत आलो.

थावराभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, पांढरकवड्याच्या स्टँडवर. मी कामानिमित्त तिकडं गेलो होतो. ते बाकावर बसले होते. शेजारी पोत्यात गुंडाळलेली वखराची लोखंडी पास, धार लावून आणलेली, आणि मांडीवर भाकरीचं गाठोडं. झरीकडची गाडी लागायची होती. मी वळायच्या आत त्यांनी मला पाहिलं. चेहरा खुलला त्यांचा. त्यांनी पोतं उचलून पायाशी ठेवलं, बाकावरची धूळ हातानं झटकली आणि हाक मारली, "ये बाबू, बस. लय दिवस झाले."

मी म्हणालो, "भाऊ, माझी गाडी लागली."

समोर एक गाडी उभी होती. मी पाटी न बघता तिच्यात चढलो आणि खिडकीपाशी बसलो. गाडी सुटली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी म्हणालो, "ही कुठं जाते?" तो म्हणाला वणी. मी वणीचं तिकीट काढलं. गाडी वळताना बाकाकडं पाहिलं. त्यांनी झटकलेली जागा तशीच मोकळी होती, आणि ते हात वर करून मला निरोप देत होते.